तांदळात लिहिलेलं नाव

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आता मला तुमची शिसारी यायला लागली आहे. उगाच नाही म्हणत. इथे न्युरेम्बर्गला कँटीनमध्ये रोज माझ्यासमोर जेवायला बसते ती दक्षिण आफ्रिकेतली झुलू बाई, आमच्याच टेस्टिंगमधली. लिंडिवे तिचं नाव. म्हणजे वाट पाहिलेली. आईवडिलांच्या लग्नानंतर बारा वर्षांनी झाली, म्हणून आजीने ठेवलं. भाऊ थुलानी, म्हणजे शांत व्हा, कारण तेव्हा घरात भांडणं पेटलेली. त्यांच्याकडे नाव ऐकलं की माणूस जन्मला तेव्हा घरात काय चाललं होतं ते कळतं. आणि सासरी तिला तिच्या वडिलांच्या कुळाच्या नावाआधी 'मा' लावून हाक मारतात. कोणाची लेक, ते पुसून टाकत नाहीत.

"तुझ्या आईचं नाव काय?" तिने विचारलं. मी सांगितलं. कोणी ठेवलं? म्हटलं, माझ्या वडिलांनी, लग्नात. तिने काटा खाली ठेवला. "आल्झो," म्हणजे इथल्या जर्मनमध्ये 'बरं, मग', "त्याआधी ती कोण होती?" एवढा थोरला घोडा, आणि आईचं माहेरचं नाव माहीत नाही!

तेव्हापासून आपलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्ही दारात उभे, चहा हवाय. "अगं ए, बहिरी झालीस का?" अहो, हौसेने बदललेलं नावही कधी तोंडात घेतलं नाहीत, मग बदललंत कशाला? एकदा मामाने तिला जुन्या नावाने हाक मारली तर तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. मी सात वर्षांचा. मला वाटलं, मामा काहीतरी घाणेरडं बोलला, आणि तो शब्दच मी विसरून गेलो.

आज स्काइपवर आईला विचारलं. आधी हसली, मग पदर सारखा करत म्हणाली, "अरे, आता कशाला ते? ह्यांना नाही आवडायचं." नऊ वर्षं झाली, बाबा! मी हट्टच धरला, तेव्हा मागे वळून भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बघितलं आणि ओठातल्या ओठात सांगितलं. चार मुलग्यांवर झालेली लेक, म्हणून आजोबांनी कौतुकाने ठेवलेलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. तुमच्या हाती पुन्हा द्यायचं नाही मला.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा एक कबूल करतो. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव मीच लिहिलं. तिला विचारलं नव्हतं. तुम्हाला विचारलं होतं.