चालूच ठेवलेली गाडी

९ जानेवारी
उणे त्रेपन्न. गाडी चालू. धूर वर जातच नाही, अंगणातच बसून राहतो. सासूबाई खोकतात आणि मला बोलतात. जसं काही धूर मीच सोडतेय!

१० जानेवारी
स्पिरिदोनचा फोन, याकुत्स्कच्या इस्पितळातून. पहिला प्रश्न ट्रकचा. "बंद पडू दिली नाहीस ना?" बायको जिवंत आहे का ते विचार आधी! पायाच्या बोटांचं डॉक्टर काय म्हणतात विचारलं, तर म्हणे "बघू म्हणतात." उजवा पाय. दुसऱ्याची रुतलेली गाडी ओढायला उतरला, नदीच्या बर्फावर खालचं पाणी चढलेलं, बूट भिजला, बोटं गोठली. रस्त्यात कुणी अडकलं की थांबायचंच, ते ठीक. पण पाय कुठे ठेवतोस ते तर बघ!
फोन ठेवताना म्हणाला, "नुसती चालू ठेव. या थंडीत बंद पडली तर मेपर्यंत गेली. मार्चात येतो मी चालवायला. तू स्टिअरिंगला हात लावू नकोस."
मला काय हौस आहे!

१४ जानेवारी
चालू. डिझेल ओतलं. बॉनेटवर आणखी एक गोधडी टाकली.

१८ जानेवारी
गाडीच्या धुराड्यातून काळं तेल ठिबकतंय. खाली बर्फावर डाग. धूर निळा.
शेजारच्या येफिमला आणलं. आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या, आता डोळे गेलेत. त्याने नुसता वास घेतला. "वहिनी, कधीपासून उभी आहे?"
"तो गेल्यापासून. एकदाही बंद केली नाही!" मी जरा तोऱ्यातच सांगितलं.
"म्हणूनच. जुन्या गाड्या अशाच जगवायचो आपण, हिवाळाभर घुरघुरत. हिला टर्बो आहे. इंजिनात हवा कोंबतो तो. रिकामी घुरघुरली की टर्बोतून तेल गळायला लागतं. हिला ओझं पाहिजे, चढ पाहिजे. घोडा बांधून ठेवला तर पाय सुजतातच की!"
म्हणजे मी सांभाळत नव्हते. मारत होते.
चालवणार कोण? गावातले सगळे पुरुष गाड्या घेऊन लांब रस्त्यावर आहेत. येफिम म्हणतो, "तू."
"परवाना?"
"उणे पन्नासात कोण बघायला येतोय!"

१९ जानेवारी
सासूबाईंनी तोंड सोडलं. "पुरुषाची बंदूक बाई ओलांडत नाही. तू त्याच्या जागेवर बसणार?"
"मग तुम्ही बसता का?"
उठल्या, घावनं भाजली आणि पहिलं लोणी लावून चुलीत टाकलं. अग्नीला काहीतरी पुटपुटल्या. माझ्या बाजूने की विरुद्ध, कोण जाणे.

२० जानेवारी
पाय पोचेना. सीट पुढे ओढली. आधी जिथे होती तिथे खडूने रेघ मारून ठेवली. त्याला कळायला नको.
येफिम शेजारी. "गिअर, वहिनी, गिअर! कान नाहीत का?"
"तुला डोळे नाहीत, मला कान नाहीत. बरी जोडी जमली!"
कुंपणाचा एक खांब गेला. जाऊ दे.
तळ्यावर पिण्यासाठी कापून ठेवलेल्या बर्फाच्या लाद्या भरल्या. येताना चढ. ओझ्याने गाडी दबली, मग अचानक शिट्टी वाजायला लागली – बारीक, लांबलचक. मला वाटलं काही फुटलं. येफिम हसत होता. "तोच टर्बो. आत्ता श्वास घेतला बघ त्याने."

२ फेब्रुवारी
रोज जाते. अख्ख्या गावाला बर्फ पोचवला. तेलाचा थेंब नाही. संध्याकाळी सीट परत रेघेवर.
सासूबाई दारात उभ्या राहून ओरडतात, "सावकाश!" आता खोकत नाहीत.

११ फेब्रुवारी
फोन. "आवाज ऐकव," म्हणाला. फोन बॉनेटजवळ धरला, गोधडी उचलून.
"धुराड्याखाली तेल?"
"नाही."
"हं."
उभ्या गाडीला तेल कसं नाही, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. बोटांचं विचारलं तर म्हणे, "मार्चात बघू."

३ मार्च
उद्या येतोय. गाडी धुतली – म्हणजे बर्फ खरवडला. खांब बदलला. सीट रेघेवर आहे, दोनदा बघितलं. येफिमला दम भरला. "मी तर काही पाहिलंच नाही, वहिनी," म्हणतो मेला.

४ मार्च
आला. काठी आहे. घरात न येता आधी गाडीकडे. चालकाचं दार उघडलं, उभा राहिला. रेघ दिसली. अंगठ्याने पुसली. सीट पुढे ओढली, माझ्या मापाला. मग काठी टेकत वळसा घालून पलीकडच्या दाराने चढून बसला.

"चल," म्हणाला.