श्रीधररावांनी गाडी फिरवली

तीर्थस्वरूप मल्हारमामांस,

बंगळुराहून रत्नाकरचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला असेलच. (नसेल तर तो वैद्य बदला.) इकडे सर्वांच्या प्रकृती उत्तम आहेत, माझं डोकं सोडून.

लेकीसाठी तुम्ही जुळवलेल्या स्थळाचे प्रताप कळवतो. रविवारी संध्याकाळी साखरपुडा. के. आर. पुरमच्या हॉलमध्ये आमचे पाहुणे, भटजी, पेढे, सगळं तयार. मुलाचे वडील श्रीधरराव राहुकाळ लागायच्या आत शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, यशवंतपूरहून निघाले. (पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून आपल्या लोकांची मराठी पातळ होते, राहुकाळ मात्र घट्ट होत जातो.) पण वाटेत ट्रॅफिक. हॉलच्या कमानीशी पोचले आणि राहुकाळ लागला. बरं, घटकाभर गाडीत बसावं, चहा मागवावा. तर या गृहस्थांनी मुलासकट अख्खी गाडी फिरवली आणि परत यशवंतपूर गाठलं, शुभवेळी नव्याने निघायला! वर मलाच फोन: "अण्णा, स्वल्प अॅडजस्ट करा. निघालोच समजा." शमिका नटूनथटून दारात उभी होती. तिला गाडीची फक्त पाठ दिसली.

या कृत्याला म्हणायचं तरी काय? घूमजाव पुढारी करतात, पण त्यांना त्यातून खुर्ची मिळते. कोलांटउडी म्हणावी, तर माकड ती पंचांग न बघता मारतं. माघार म्हणावी, तर ती निदान थोडं लढून घेतात. आमचा ड्रायव्हर याला यू-टर्न म्हणतो. त्यालाही रस्त्यात जागा ठरवून दिलेली असते. शेवटी शब्द शोधायचं सोडून मी फोनवर ओरडलो, की सोयरीक मोडली! पाहुण्यांना जेवू घालून वाटेला लावलं. आता साक्षात राहू येऊन पाया पडला तरी मी बधणार नाही.

तुमचा भाचा,
रत्नाकर

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं. शमिका माझ्याशी बोलत नाही. ताट घेऊन आत जाऊन जेवते. मामा, मला हे सहन होत नाही.

आणखी ता. क. श्रीधररावांना तुम्हीच फोन करा. मी फिरलो असं म्हणू नका, फेरविचार केला म्हणा. या वेळी पाहुणे घेऊन आम्हीच यशवंतपूरला जातो. घरातून किती वाजता निघायचं, तेवढं त्यांना विचारून ठेवा.