राबातली थाळी

मी, प्रेमा सावळाराम वेखंडे, वय सहासष्ट, राहणार खैरपाडा, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे आणि चष्मा नाकावर आहे. काय लिहावे हे मला कोणी सांगितलेले नाही.

कलम १. राहते घर, गोठा व मागची परसबाग माझा मुलगा प्रणित यास मिळावी. हे घर त्याच्या वडिलांनी बांधले, तेव्हा त्यावर त्याचा हक्क आहे. पावसाळ्यात मागचे दार फुगते. ते खांद्याने ढकलावे, लाथेने नाही.

कलम २. माझी मोहनमाळ व शिलाई मशीन मुरबाडला दिलेली माझी मुलगी कुणाली हिला द्यावी. बँकेत जे काही निघेल ते दोन्ही भावंडांनी सारखे वाटून घ्यावे. मला कॉन्व्हेंटमध्ये सुंदर अक्षरासाठी मिळालेले पेन प्रणितची मुलगी हर्षाली हिचे. शेजारची ठमी साक्षीदार असल्यामुळे तिला या कागदाने काही देता येत नाही, म्हणून माझी कोयती मी तिला कालच दिली.

कलम ३. डोंगराच्या अंगाचे वरकस शेत. सातबारावर माझ्या एकटीचे नाव आहे. माझ्या सासूबाई वत्सला, ज्यांना सारे घर आय म्हणायचे, त्यांनी हयातीतच ते बक्षीसपत्राने मला दिले. मुलगा असताना सुनेला का, असे नोंदणी कचेरीतल्या साहेबांनी विचारले तेव्हा आय म्हणाली, "लेक इकील, नातू इकील. हिला भावच कराय येत नाय, ही काय इकनार?"

मी कल्याणहून या घरात आले तेव्हा मला चूल पेटवता येत नव्हती. आय शेजारी बसून बघायची. "काय गो, विंग्रजीत थापतेस का भाकर? मंगच फुगं नाय." पण माझ्या ताटात नेहमी फुगलेली भाकरी असायची आणि तिच्या ताटात मी थापलेली. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा ती त्यांना पेज भरवता भरवता शेतातली रोजची हकीकत सांगायची, म्हणजे त्यांना वाटावे की आपणही बांधावर जाऊन आलो. आणि प्रणित तर तिच्याच कडेवर वाढला. "माझं शेपूट" म्हणायची त्याला.

भाताची रोपे टाकायच्या जागेवर आम्ही पालापाचोळा, शेण, गवत पसरून पावसाआधी राब जाळतो. आमच्या घरची रीत अशी की आग लावण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या बाईने राबातून चालत जायचे आणि आत दडलेल्यांना हाक द्यायची. आय आधी लुगडे भिजवून घ्यायची. मग काखेत पितळेची थाळी मारून लाव्हऱ्या पाखरांना, सशांना, सापांनासुद्धा सांगत जायची, "उठा गो बायांनो, पोरा उचला, आग येते." पलीकडच्या बांधावर पोचली की थाळी वाजवायची. थाळी वाजल्याशिवाय काडी ओढायची नाही.

हर्षाली पाळण्यात होती त्या वर्षी काडी प्रणितकडे होती. त्याला कारखान्यात जायची घाई होती. वारा खालून होता आणि वरचे गवत कमरेएवढे. मी मोहाच्या झाडाखाली उभी होते. थाळी मी ऐकली नाही. प्रणित म्हणाला, "वाजली, मी ऐकली."

आय शेताच्या मधोमध सापडली आणि थाळी तिच्या छातीशी. ती बांधावर पोचलीच नव्हती. मी तसे बोलले तर माझे यजमान म्हणाले, "तुझे कान कॉन्व्हेंटचे. तुला काय ऐकाय येनार?" त्यांनी थाळी माळ्यावर ठेवली आणि मरेपर्यंत तिचे नाव काढले नाही. रीत तिथेच बंद पडली. त्यानंतर दर वर्षी राब हाक न देताच पेटतो आणि त्या दिवशी मी दार लावून घरात बसते.

आयच्या जाण्याने प्रणितला काहीच मिळणार नव्हते. शेत आधीच माझे झाले होते. म्हणून मी आजवर ती त्याची चूकच मानत आले, घाईतली चूक.

या होळीपासून बंगले बांधणारा एक गृहस्थ पांढऱ्या गाडीतून येतो. प्रणित त्याला बांधावरून हात करून हे शेत दाखवतो. विकायला मी दोनदा नाही म्हटले. प्रणित माझ्याशी बोलेनासा झाला, आणि मग एकाएकी फार गोड बोलू लागला. परवा जेवताना म्हणाला, "आई, यंदाच्या राबाला तू चल. आजी द्यायची तशी हाक दे. रीत मोडली म्हनून घरात बरकत नाय." येताना माझ्यासाठी नवी साडी आणली होती. हीच नेसून चल, म्हणाला. साडी नायलॉनची आहे.

मी त्याच्यावर आरोप करीत नाही. मी कान देऊन ऐकते आहे, एवढेच.

कलम ४. मी अंथरुणात, दवाखान्यात किंवा वाटेत कुठे मेले, तर वरील शेत प्रणित व कुणाली यांना निम्मे निम्मे मिळावे. मी राबात मेले, तर त्यातील मातीचे ढेकूळही प्रणितला मिळू नये. सर्व शेत हर्षालीचे व्हावे आणि तिच्यातर्फे विकण्याचा अधिकार तिच्या वडिलांना नसावा.

कलम ५. तसे झाल्यास आयची पितळी थाळी प्रणितला द्यावी. तिच्या बुडाचा काळा डाग मी घासलेला नाही. त्यानेही घासू नये. साडी घडी न मोडता कपाटात आहे, ती दुकानात परत करावी.

एवढे साक्षीदारांना ओटीवर वाचून दाखवले. धर्माने कागद आपल्याकडे ओढला. मग म्हणाला, "सही करतो गो बाय. पन उंद्या तू जाऊ नको."

"नाही गेले तर मरेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहीन," मी म्हटले. "माझ्या पोटचा आहे तो."

ठमी म्हणाली, "मंग काडेपेटी आमच्याकडं दे."

"नाही. काडेपेटी त्याच्याच हातात पाहिजे."

मी सुती लुगडे काढून ठेवले आहे, सकाळी भिजवून नेसेन. थाळी उतरवून उशाशी घेतली आहे. मी पलीकडच्या बांधावर पोचून ती वाजवली आणि त्यानंतरच आग लागली, तर हा कागद मी स्वतः चुलीत घालीन, थाळी चिंच लावून लख्ख घाशीन आणि तिच्यातच प्रणितला भात वाढीन. माझ्या या संशयाबद्दल त्याची माफी मागेन, तीही त्याच्या बायकोपोरीदेखत.

धर्मा व ठमी यांनी उजाडताच प्रणितच्या शेजारी येऊन उभे राहावे. माझ्या सहीपुरतीच त्यांची साक्ष नाही. थाळी वाजते की नाही, हे या वेळी दोघांनी ऐकायचे आहे.

लिहून देणार: प्रेमा सावळाराम वेखंडे

साक्षीदार:
१. धर्मा लडकू वाघ (सही)
२. ठमी मंगळू हिलम (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: खैरपाडा
दिनांक: २६ एप्रिल २०२५, राबाची आदली संध्याकाळ. वारा खालून आहे.