इस्त्री बाबांनी केली आहे

चिंगे,

तुझा टी-शर्ट दोरीवर नाही म्हणून घर डोक्यावर घेऊ नकोस. माझ्या पलंगावर ठेवलाय. तिन्ही रंग वाळलेत, आणि इस्त्रीही झाली आहे, म्हणजे आता धुतला तरी छपाई जाणार नाही.

इस्त्री मी केलेली नाही. तू झोपली होतीस तेव्हा बाबा स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारायला लागले, "त्या रंगाला वाफ चालते का गं?" मी म्हटलं, "जिने छापलंय तिला विचारा की." त्यावर त्यांनी इस्त्रीतलं पाणी ओतून टाकलं, स्वतःचा धुतलेला रुमाल छपाईवर पसरला आणि आपल्या शाळेच्या गणवेशाला करायचे तशी जीव लावून इस्त्री केली. तू नोकरी सोडल्यापासून तुझ्याशी चकार शब्द न बोललेला माणूस तो हाच. वर मलाच ऐकवलं, "निळा रंग पिवळ्यावरून केसभर सरकलाय. दुसऱ्या रंगाची छपाईची फ्रेम ठेवताना हात हलला असणार तिचा."

मी कामावर निघाले. दुपारी कपड्यांच्या दुकानात हा नमुना दाखवायला जाण्याआधी शर्ट अंगात घाल आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहा. ते पेपर खाली ठेवणार नाहीत, तरी हलू नकोस. काही खोट काढली, तर नेहमीसारखी फणकारून आत जाऊ नकोस. पुढच्या वेळी फ्रेम धरायला बसाल का, एवढंच विचार.

ताई