मागच्या खोलीतल्या दोन खाटा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एकाहत्तर, रुग्णालयातील चादरी-कपड्यांच्या भांडारातून निवृत्त, राहणार याच घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. गुडघे आणि झोप सोडली तर बाकीचे जागच्या जागी आहे. आजार म्हणावा असे मला काही नाही, मी फक्त दमले आहे. दमलेल्या माणसाने आवराआवर पुढे ढकलू नये, एवढे नोकरीत शिकले. यापूर्वी मी कधी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखेही काही नाही.

कलम १. घरातली माणसे. माझे पती हयात नाहीत. हे घर त्यांच्या वडिलांचे, नंतर त्यांचे, आणि आता कायद्याने माझे एकटीचे. मला एक मुलगा व एक सून असून ते पुढच्या खोलीत राहतात. मागच्या खोलीत मी राहते आणि माझ्या दिराची बायको राहते. तिला या कागदात मी ‘धाकटी’ म्हणणार आहे, कारण लग्न होऊन ती आली त्या दिवसापासून तिला सगळे धाकटीच म्हणतात. आता तिचे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत. दीर कामासाठी म्हणून दुसऱ्या गावी गेला आणि तिकडचाच झाला. धाकटी इथेच राहिली. तिला जा असे कोणी म्हटले नाही, आणि राहा असेही कोणी तोंडाने म्हटले नाही. ते आता मी लेखी म्हणत आहे.

कलम २. हे लिहिण्याचे कारण. गेल्या महिन्यात सूनबाईंनी मागच्या खोलीचा आराखडा करून आणला. खोलीत कपडे ठेवायला जागा पुरत नाही, सामान कुठेही पडलेले असते, ही तिची तक्रार खरी आहे. तिने कागद माझ्यापुढे पसरला.

“बघा ना आई, इकडच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत कपाट. सरकती दारं. किती मोकळं वाटेल!”

मी चष्मा लावून पाहिले. कपाट होते, टेबल होते, कोपऱ्यात कुंडीसुद्धा होती. खाट एकच होती, मोठी, दोन उशांची.

“आणि धाकटीची खाट गं?”

“त्यांच्यासाठी बाहेर सोफा घेऊ. दिवसा सोफा, रात्री उघडला की पलंग.”

“म्हणजे दुपारी तिची पाठ धरली तर तिने पडायचं कुठे? पाहुणे उठेपर्यंत उभं राहायचं?”

 मुलगा मध्ये पडला. “अगं आई, आत्ता कुठे काय करतोय आम्ही? सगळं नंतरचं आहे.”

“नंतरचं म्हणजे मी गेल्यावरचं ना?”

“तसं नाही गं... काहीतरीच काय बोलतेस!”

तसेच होते. मला राग आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो. सूनबाई वाईट नाही. तिने खोली मोजली, भिंती मोजल्या, फक्त माणसे मोजताना चुकली. मात्र त्या दिवसापासून माझ्या मनाला एकच घोर आहे. माझ्या माघारी धाकटीला स्वतःची अशी एक खाट असेल का, की रोज सकाळी तिचे अंथरूण गुंडाळून तिलाच कोपऱ्यात ठेवले जाईल? बाकी सगळी कलमे रीत म्हणून आहेत. हे एक कलम माझे आहे.

कलम ३. घर. घराची मालकी माझ्या मुलाकडे जावी, पण कलम ७ मधल्या अटीसह. गच्ची गळते हे त्याला माहीत आहे. तीही त्याचीच.

कलम ४. ठेव आणि दागिने. बँकेतील ठेव धाकटीची. त्यावर मुलाने हक्क सांगू नये, आणि तो सांगणार नाही. तो आळशी आहे, लोभी नाही. सोन्याच्या दोन बांगड्या सूनबाईंच्या. त्या तिला मोठ्या होतील. लहान करून घ्याव्यात, पण वितळवू नयेत.

कलम ५. मागची खोली आणि तिची मांडणी. ही खोली जुनी आहे आणि तिचा एकही कोपरा काटकोनात नाही. जो कोणी मोजमाप घेईल त्याने ते खाली, मध्ये आणि वर असे तीनदा घ्यावे, नाहीतर नवे सामान भिंतीला टेकणार नाही आणि दोष सुताराला जाईल. दारातून आत शिरले की समोरच्या भिंतीला खिडकी, खिडकीखाली माझी खाट. उजवीकडची भिंत घराबाहेरची. तिला ओल येते. तिच्याशी मोठे कपाट आणि त्याच ओळीत अलीकडे, दारामागे, धाकटीची खाट. डावीकडची भिंत आतली, कोरडी. तिथे दोन पेट्या आणि कोनाडा.

कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढलेले आहे ते वारा खेळावा म्हणून. ते मागे सारू नये. पती म्हणायचे, “तुझ्या कपाटाला श्वास लागतो, मला लागला तर खिडकी लाव म्हणतेस.” कपाट या दारातून बाहेर निघत नाही. सुताराने ते खोलीतच जोडले आणि जाताना म्हणाला, “आता हे घराबरोबरच जाईल, वहिनी.” त्याचा खालचा खण तेव्हापासून अडकतो. त्याबद्दल त्याला मी मनातल्या मनात पुष्कळ बोलले आहे. आता सोडून देते.

कपडे ठेवण्याची रीत अशी. रोजचे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या खणांत, जड ते खाली, वर्षाकाठी लागणारे पेटीत. धुऊन आलेली चादर चळतीच्या तळाशी सारायची, वरची आधी वापरायची, म्हणजे सगळ्या सारख्या झिजतात. भांडारात हे नव्या मुलींना सांगून सांगून माझा घसा बसायचा. घरात सांगून काही बसले नाही. मुलगा अजून वरचीच काढतो आणि वरच ठेवतो, त्यामुळे त्याच्या एकाच टॉवेलची चाळण झाली आहे.

कपाटातला मधला खण दिराचा होता. तो गेल्यावर त्याचे शर्ट तसेच घडी घालून ठेवलेले होते. धाकटी ते उन्हात घालायची, पुन्हा घडी करायची, पुन्हा ठेवायची. मी काही बोलत नसे. बऱ्याच वर्षांनी एका दुपारी तिने विचारले, “ताई, हा खण रिकामा करू का? रजया बाहेर पडल्यात.” मी म्हटले, “कर.” एवढेच. तिने शर्ट काढले, खण पुसला, रजया ठेवल्या, आणि आम्ही चहा प्यायलो. त्या खणात आजही रजया आहेत. दीर कधी आलाच आणि आपला हिस्सा मागू लागला, तर त्याला एक रजई द्यावी.

कलम ६. किरकोळ. कपाटाच्या दाराला पूर्वी लांब आरसा होता. सासूबाई गेल्या त्याच आठवड्यात मोठ्या नणंदेने तो उतरवून नेला, “आईची आठवण” म्हणून. आईला आंघोळ घालायच्या दिवसांत ही आठवण तिला येत नसे. तो आरसा मी परत मागत नाही. तिच्याकडेच राहू दे. रोज सकाळी त्यात ती स्वतःला बघते, तेवढी शिक्षा पुरे.

माझी घडी घालायची फळी, चादरींवर खूण करायची पक्की शाई आणि मोठी कात्री सूनबाईंना द्यावी. ती हसेल. हसून झाल्यावर वापरून पाहावी.

माझे कपडे वाटून टाकावेत. राखाडी स्वेटर कोणाला देऊ नये, त्याची कोपरे गेली आहेत. फरशी पुसायला घ्यावा.

कलम ७. मुख्य. धाकटीला या घराच्या मागच्या खोलीत तिच्या हयातीपर्यंत राहण्याचा पूर्ण हक्क राहील. मुलाने घर विकले, भाड्याने दिले किंवा दुरुस्तीला काढले तरी हा हक्क त्याआधीचा समजावा. <s>खोलीची मांडणी आज आहे तशीच ठेवावी. धाकटीची खाट दारामागे आहे तिथून कोणीही, कोणत्याही कारणाने हलवू नये. कपाटही जागचे हलवू नये.</s>

(वरील तीन वाक्ये मीच खोडली आहेत आणि शेजारी लहान सही केली आहे. कारण पुढे देते.)

सहीपूर्वीची दुरुस्ती. इथपर्यंतचा मजकूर मी काल लिहून पुरा केला. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, हे साक्षीला येणाऱ्या आमच्या डॉक्टरांनी सांगितले होते. पण त्याला वाचून दाखवू नये असे काही त्यांनी सांगितले नव्हते. मागाहून “मला कुणी विचारलं नाही” असे होऊ नये म्हणून आज सकाळी मी हे सगळे धाकटीला वाचून दाखवले. ती तिच्या खाटेवर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती. संपल्यावर मी म्हटले, “आता रडू नकोस.”

“रडतंय कोण? ताई, माझी खाट हलवू नये असं लिहिलंत?”

“हो. कुणीही, कोणत्याही कारणाने.”

“म्हणजे तुम्ही गेल्यावरसुद्धा मी दारामागेच?”

मला काही कळेना. “अगं, तुझी जागा आहे ती. तुझी जागा कुणी घेऊ नये म्हणून तर एवढा खटाटोप केला.”

“जागा कसली डोंबलाची! दार उघडलं की खाटेला आपटतं आणि माझं कपाळ हलतं. थंडीत फटीतून वारा पायावर. आणि हे तुमचं कपाट असं आडवं, की खिडकी कुठेय ते मला ऐकूनच माहीत. उजाडलं का ते मी तुमच्या तोंडाकडे बघून ओळखते.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“विचारलंत कधी? मी आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, तूर्त तिथे टाक खाट. ते तूर्त अजून चालूच आहे.”

मी कागदाकडे पाहत राहिले. आराखड्यात तिची खाट काढली नाही म्हणून मी सूनबाईंवर महिनाभर मनात कुढत होते, आणि इथे कायद्याच्या भाषेत तिला त्याच कोपऱ्यात कायमची बांधून टाकत होते.

“बरं,” मी म्हटले, “खिडकीची खाट तुझी. तसं लिहिते. मी गेले की—”

“म्हणजे आता मी खिडकीसाठी तुम्ही जायची वाट बघत बसू? शोभतं का ते, ताई?”

ती हसली. मलाही हसू आले, आणि हसता हसता खोकला. यावर लिहिण्यासारखे काही उरले नव्हते. साक्षीदार म्हणून बोलावलेले डॉक्टर आणि शेजारचे चष्म्याचे दुकानदार तेवढ्यात आले, त्यांना मी बसू दिले नाही. डॉक्टरांनी कोट काढून कोनाड्यात ठेवला. दोघांनी मिळून खाटा उचलून त्यांच्या जागा बदलल्या. धाकटी मध्ये उभी राहून, “सावकाश हो, पाय निखळलाय तिचा,” असे ओरडत होती. आवाज ऐकून सूनबाई आली आणि दारातच थांबली.

मी दारामागच्या खाटेवर बसून पाहिले. इथून खरोखर खिडकी दिसत नाही. कपाटाची बाजू दिसते, आणि तिच्यावर ओलीचा डाग, जो मला आजवर माहीतच नव्हता.

“कपाट डावीकडच्या भिंतीला हवं,” मी म्हटले.

“आई, मी तेच काढलं होतं कागदावर.”

“काढलं होतंस. खाट मात्र एकच काढली होतीस.”

सूनबाईंनी दोन्ही खाटांकडे पाहिले. मग म्हणाली, “दोन काढते.”

म्हणून कलम ७ च्या खोडलेल्या मजकुराऐवजी असे वाचावे : मागच्या खोलीत दोन खाटा राहतील. खिडकीखालची आजपासून धाकटीची. तिच्या हयातीत खोलीतली कोणतीही वस्तू हलवायची असेल तर आधी तिला विचारावे. ती हो म्हणाली तर कपाटही खिळे काढून डावीकडे न्यावे, सरकती दारे लावावीत, हवी तर कुंडीसुद्धा ठेवावी. ती नाही म्हणाली तर कारण विचारू नये. आणि ती काहीच बोलली नाही, तर पुन्हा विचारावे. तिला न बोलण्याची सवय आहे.

दुसरी खाट माझ्यानंतर रिकामी राहील. तिच्यावर कोणाला झोपू द्यायचे हेही धाकटीच ठरवील. कपडे टाकायला मात्र तिचा उपयोग करू नये. रिकामी खाट दिसली की या घरातल्या माणसांचा हात तिकडे आपोआप जातो.

वरील सर्व मी वाचले, दुरुस्त केले, पुन्हा वाचले. हेच माझे म्हणणे. याची अंमलबजावणी डॉक्टरांनी करावी. ते वयाने लहान आहेत आणि खाट उचलताना त्यांची पाठ धरली नाही.

सही करणारी : (माझी सही)

साक्षीदार पहिले : आमचे डॉक्टर. सही करणारी शुद्धीवर असून आमच्यासमोर तिने सही केली.

साक्षीदार दुसरे : शेजारचे चष्मेवाले. मीही समोर होतो.

ठिकाण : राहते घर, मागची खोली, दारामागची खाट.

दिनांक : १४ फेब्रुवारी, सकाळ.

टीप : माझ्या सहीची शेवटची रेघ वाकडी जाऊन कागदाच्या कडेपर्यंत गेली आहे. सही करत असताना सूनबाईंनी चहा आणायला दार उघडले आणि ते खाटेवर आपटले. सही माझीच आहे. ही रेघ खाडाखोड समजू नये.