दोघांचा भात

३ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीस, वहिनीने पडदे शिवले, हे वाचून बरं वाटायला हवं होतं. हल्ली काही वाटतच नाही बघ. दात काढताना सुई दिल्यावर गाल होतो ना, तसं झालंय हे गेल्यापासून. दुखत नाही, पण आपलंही वाटत नाही.

इकडे नवीन खूळ निघालंय. इमारतीतल्या आम्हा बिऱ्हाडांनी मिळून राहायचं. झोपायच्या खोल्या ज्याच्या त्याच्या, स्वयंपाकघर सगळ्यांचं एक. माझ्या शेजारचं रिकामं घर सगळ्यांनी मिळून घेतलंय. आता मधली भिंत पाडून त्याचं आणि माझं स्वयंपाकघर एक करणार. मागच्या खोल्या मला राहतील. वरच्या मास्तरीणबाई मला पटवायला नकाशाबिकाशा घेऊन आल्या होत्या. मी लगेच हो म्हटलं, तर बिचाऱ्या हिरमुसल्याच. खरं सांगू? नाही म्हटलं असतं तर का, ते सांगत बसावं लागलं असतं.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवायला सध्या अंगात बळ नाही.

तुझी ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

अगं, राहत्या घराची भिंत पाडायला निघालीस आणि कळवतेस असं, जसं काही पायपुसणं बदललंय. भांड्याला भांडं लागणारच, आणि तुमच्याकडे तर सगळ्या इमारतीची भांडी. मला काळजी वेगळीच आहे. तू कशालाही हो म्हणतेस. उद्या कुणी छप्पर मागितलं तर तेही देशील.

एप्रिलअखेर टेम्पो घेऊन येतो, सामानासकट इकडे चल. नको असेल तर नको म्हण, पण मनापासून काहीतरी म्हण.

लोभ वाढवच, रागावलीस तरी चालेल.

तुझा ठोंब्या

२ एप्रिल

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

भिंत पडली. गवंड्याने वर लोखंडी तुळई बसवली आणि हातोडा चालवला. ह्यांनी कॅलेंडरसाठी ठोकलेला खिळा विटेसकट घमेल्यात गेला. मी बघत होते. काही झालं नाही.

स्वयंपाकाला वार लावून दिलेत. मंगळवार माझा. परवा अकरा माणसं जेवायला बसली, मी पातेल्यावरचं झाकण काढलं, तर आत दोघांचा भात. हाताच्या सवयीने तेवढाच घेतला गेला. मास्तरीणबाईंनी तोच घास घास सगळ्यांना वाढला. खालच्या बिऱ्हाडातला सुतार चांगला खाणारा, पण तोही पोट भरल्याचं सोंग करून उठला. मला लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

टेम्पो आण. मी इथे कुणाच्या कामाची नाही.

लोभाचं मागचंच समज.

ताई

९ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय. तुझं पत्र मी हसत हसत वाचून दाखवलं. तुझी भावजय हसली नाही. तिने विचारलं, ताई तर एकट्या आहेत, मग सवय दोघांची कशी?

भावोजींना जाऊन वर्ष झालं, ताई. रोजचा उरलेला भात कोण खात होतं?

ठोंब्या

१५ एप्रिल

चि. ठोंब्यास आणि वहिनीस अनेक आशीर्वाद.

टाकून देत होते रे. रोज सकाळी, वर्षभर. पातेलं रिकामं करायचं म्हणून करायचं, त्यापुढे डोकं गेलंच नाही.

तुझं पत्र त्या मोठ्या ओट्यापाशी वाचलं आणि हे गेले, हे मला तिथे कळलं. उभ्या उभ्या रडले. मास्तरीणबाई आल्या. माझ्या शेजारी बसकण मारून कांदे चिरायला घेतले. कुणी आलंच तर डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त असावं म्हणून. नंतर त्या कांद्यांचं करायचं काय, हा प्रश्न पडला. भरपूर होते. मला हसू आलं.

काल माझा मंगळवार होता. माणशी एक वाटी तांदूळ. दुसऱ्या वाटीवर हात अडला. तिसरी घेताना ह्यांच्यावर अन्याय करतेय असं वाटलं. फार दुखलं. सुतार मागे उभा राहून मोठ्याने मोजायला लागला, मग घेतल्या. भात पुरला. सुताराने तर दोनदा घेतला.

वहिनीला सांग, पडदे राहू देत, मी पाहुणी म्हणून येईन. मी इथेच राहते. हे मनापासून म्हणतेय.

पुढच्या मंगळवारी तू ये. टेम्पो आणू नकोस, रिकाम्या पोटी ये. बारा वाट्या घेईन.

लोभ वाढव.

तुझी ताई