राजेश्रीला न्यायला येऊ नका

मु. पो. राणीसावरगाव

तीर्थरूप मामींच्या चरणी जावई हरिओमचा शिरसाष्टांग दंडवत. इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? (तेल लावत जा. मी सांगावं असं नाही, पण लावत जा.) राजेश्रीला पहिल्या बाळंतपणासाठी चुडाव्याला न्यायला येणार, असा तुमचा फोन आला. तुमच्याशी फोनवर माझी जीभ अडखळते, म्हणून लिहितो: येऊ नका. रागावू नका, पुढे वाचा.

सोनोग्राफीत वार खाली निघाली. म्हणजे बाळाला पोसणारी वार पिशवीच्या तोंडाजवळ चिकटली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवी वाढते तशी बहुतेकींची वार आपोआप वर सरकते, घाबरू नका. (तोवर घाबरायचं मला सुचलंच नव्हतं.) आमच्या वडिलांना, दादांना, मात्र लगेच उपाय सापडला. "वार खाली हाय ना? मग पलंगाचा पायथा वर करा. पाणी उताराला जातंय, वार का जाणार न्हाई?" पायथ्याखाली विटा रचल्या. राजेश्री थोड्याच वेळात उतरून चटईवर निजली. मी उताराचा अंदाज घ्यायला आडवा झालो, तो डोळा लागला, आणि घसरत जाऊन डोकं लोखंडी कठड्यावर आपटलं. टेंगूळ अजून आहे. मग आईनं मला गंगाखेडच्या भगवानराव वैद्यांकडे काढा आणायला धाडलं. त्यांनी काढा दिला नाही, शिव्या दिल्या. "वार म्हंजे पोत्यातली ज्वारी हाय का, कलतं केलं की सरकायला? काढा न्हाई, पोट चोळणं न्हाई. दूध, तूप, मुगाचं वरण, आराम, अन् डॉक्टरीण सांगतील तसं. पोटुशी बाई म्हंजे काठोकाठ भरलेलं तेलाचं भांडं, हिंदकळू द्यायचं न्हाई." तेव्हापासून दादा खोकतातसुद्धा हळू.

एवढं करूनही परवा दुपारी राजेश्रीच्या अंगावरून रक्त गेलं. थोडंच, पण मामी, मी अनवाणीच रस्त्यावर पळालो. जीप करून परभणीला निघालो. खड्डा दिसला की मी म्हणायचो "हळू", सपाट रस्ता लागला की "पळव". शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "भाऊजी, तुमी एकदा काय ते ठरवा." राजेश्री हसली. मला हसू आलं नाही. हे हसू शेवटचं ठरलं तर, एवढंच मनात होतं. दवाखान्यात रक्त थांबलं, बाळाचे ठोके ऐकवले, आणि मी बाकावर बसून रडलो. आता लांबचा प्रवास बंद, पुन्हा रक्त दिसलं तर तडक दवाखाना, आणि बाळंतपण परभणीलाच, रक्ताची सोय आहे तिथं. म्हणून म्हणतो, न्यायला येऊ नका. इकडे आम्ही समर्थ आहोत.

आपला आज्ञाधारक,
हरिओम

ता. क. रक्ताचं तुम्हाला कळवायचं नाही, असं राजेश्रीनं बजावलंय. तेवढं वाचलं नाही असं दाखवा.

आणखी ता. क. समर्थ आहोत, ते दादा शेजारी बसले होते म्हणून लिहिलं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही तुम्ही घेत नाही, ठाऊक आहे. मागे आलात तेव्हा आपल्या बाटलीतलं पाणी पिऊन संध्याकाळच्या एसटीनं परतलात. पण राजेश्री उशीत तोंड खुपसून आई आई करते, आणि मी जवळ गेलो की डोळे पुसून हसते. मी काय धीर देणार, मीच भेदरलोय. न्यायला नका येऊ, राहायला या. लेकीचं घर चालत नसेल, तर भित्र्या जावयाच्या घरी या.